हिरवळीला मालक सोसत नाही

नागपुरात घर बांधायला काढलं, की वास्तुविशारद सगळ्यात शेवटी एक रंगीत चित्र दाखवतो. त्यात घर असतं, घरापुढे आपल्याला कधीच परवडणार नाही अशी गाडी असते, मोठ्या छत्रीखाली चहा पिणारं एक गोरंपान जोडपं असतं आणि त्यांच्या पायाखाली पोपटी रंगाचा एक चौकोन असतो. संगणकावर तो चौकोन बोटाच्या एका दाबानं भरतो. घर झाल्यावर तोच पाण्यानं भरायचा असतो आणि ते काम वास्तुविशारदाच्या फीमध्ये येत नाही.

चित्रातला महिना कोणता, हे कुणी विचारत नाही. मे नसावा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास मुक्कामाला असतो. २०१३ साली तर तो ४७ च्याही वर जाऊन आला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागतो. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात, तीही नाइलाजानं. अशा दिवसांत भर दुपारी छत्रीखाली गरम चहा पिणारं जोडपं कुणाला दिसलंच, तर आमच्याकडे लोक थेट डॉक्टरला फोन करतील. तरीही नव्या लेआउटमध्ये कुंपणाची भिंत उभी राहिली रे राहिली, की आत लाल मातीचा ट्रक रिकामा होतो आणि घरमालक शेजाऱ्यांना सांगतो, “इथे लॉन करतोय.”

पुढे ते लॉन पिवळं पडतं आणि सगळे उन्हाला दोष देतात. आमच्या लेआउटमधली लॉनं मी बरीच वर्षं रस्त्यावरून, म्हणजे फुकट, पाहत आलोय. माझं मत असं झालंय, की ऊन बिचारं निर्दोष आहे. लॉनला ऊन सोसतं. त्याला मालक सोसत नाही.

नर्सरीतली गवतं सगळी पासपोर्टवाली. मेक्सिकन, कोरियन, बर्म्युडा. त्यातलं कोरियन दिसायला देखणं, थोडीफार सावलीही सोसणारं. पण ते इतकं सावकाश पसरतं, की मालकाच्या गृहकर्जाचे हप्ते आणि ते यांच्यात आधी कोण संपतं याची पैज लावावी. बर्म्युडाची गोष्ट निराळी. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघींचं नाव एक, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीच्या डोक्यावर दूर्वा म्हणून बसते ती हीच, आणि दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या बागेत दूब म्हणून पसरलेली तीही हीच.

आता काळ्या मातीत शेती करणाऱ्या माणसापुढे हरळीचं नाव काढून पाहा. तो आधी चिलीम, विडी जे काही असेल ते बाजूला ठेवतो. हरळीनं त्याच्या तीन पिढ्या वाकवलेल्या असतात. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची, मग घरच्या सगळ्यांनी रांगेनं बसून हरळीच्या काशा वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. इतकं करून बोटभर कांडी मातीत राहिली, तर मृगाच्या पहिल्या सरीला ती हात वर करून हजर. आणि शहरात नर्सरीवाला त्याच काशा ओल्या पोत्यात बांधून चौरस फुटाच्या भावानं विकतो. घेणारा वर विचारतो, “जगेल ना हो?”

जगेल का म्हणजे काय? ज्वारी, मका, ऊस यांच्याच पंगतीतली ती. तापलेल्या उन्हातही अन्न शिजवायची युक्ती यांच्या पानांत उपजत असते. पारा तिशी-पस्तिशीत असताना हरळी सगळ्यात जोमात वाढते, थंडीत पेंगते, आणि पाणी अगदीच तुटलं तर वरचा पाला वाळू देऊन जमिनीखाली काशांत जीव राखून पडून राहते. पिवळी पडली म्हणजे मेली असं तिच्या मालकाला वाटतं. शेतकऱ्याला ती मेल्याचं सुख एवढ्या सहज कधी मिळालेलं नाही.

लॉनचा हा छंद मुळात जिथला, तिथली हवा निराळी. तसं पाहिलं तर लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नागपूरला हजाराच्या वर. म्हणजे कागदोपत्री हिरवळीवर हक्क आमचाच जास्त. पण तिथला पाऊस बाराही महिने थोडाथोडा हप्त्यानं येतो आणि आमचा मृगापासून हस्तापर्यंत एकरकमी येऊन नाल्यानं पसार होतो. त्यात १८३० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायचं यंत्र काढलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव सफाईनं कातरणारं यंत्र त्यानं पाहिलं होतं. तेच जमिनीवर फिरवावं असं त्याच्या मनात आलं. तोपर्यंत लॉन राखणं उमरावांनाच परवडे, कारण त्यासाठी लांब दांड्याचे विळे चालवणारी माणसं तरी पदरी लागत, नाहीतर मेंढ्या. बडिंगमुळे लॉन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. याची फळं विदर्भात कुणाला भोगावी लागतील, याची त्या सज्जन माणसाला कल्पना असणं शक्य नव्हतं.

इंग्रज साहेब सिव्हिल लाइन्समधून गेला. बंगले राहिले, आणि बंगल्यांपुढची लॉनंही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं, की मंत्र्यांच्या मुक्कामाच्या जागी रंगाचे डबे आणि पाण्याचे पाइप एकदमच निघतात. नेमक्या त्याच दिवसांत हरळी थंडीनं डुलक्या घेत असते. तिला उठवून, हिरवी करून, मान्यवरांसाठी उभी करायचं काम सरकारी माळ्यांकडे असतं. अधिवेशनात उत्तर द्यायची वेळ फक्त मंत्र्यांवर येते अशी आपली समजूत आहे.

आमच्या शेजारचे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी शेतकऱ्यांना आवर्तनाच्या तारखा सांगण्यात गेली. नमुना नंबर सात भरल्याशिवाय त्यांनी कुणाच्या वावरात थेंब सोडला नाही, आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी का पोचत नाही याची कारणं त्यांना आजही तोंडपाठ आहेत. त्यांचं स्वतःचं लॉन मात्र अर्ज न करता दिवसातून तीनदा पाणी पितं. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर साहेब उभे राहतात, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतात आणि पाण्याचा पंखा करून गवताच्या शेंड्यांवरून फिरवतात. त्या फवाऱ्यात एक लहानसं इंद्रधनुष्य पडतं. ते दिसलं की साहेब पाइप आणखी जरा वेळ तिथेच धरतात. दहा मिनिटांत सगळं चमकायला लागतं, मातीचा वास सुटतो, साहेबांना गार वाटतं आणि ते आत जातात.

पाणी वरच्या बोटभर मातीत मुरतं आणि जेवणवेळेपर्यंत उडूनही जातं. मुळं हुशार असतात. वरच्या मजल्यावर घरपोच मिळतंय म्हटल्यावर खाली विहिरीवर जायचं कुणी? तीही बोटभरच जातात. मग एक दिवस मोटर बिघडली, की लॉन संध्याकाळी मान टाकतं आणि साहेब म्हणतात, “पाहिलंत? एक वेळ चुकली तर ही दशा. म्हणून तीनदा द्यावं लागतं.” युक्तिवादात कुठेही फट नाही. खात्यात तो अनेक वर्षं टिकला होता.

खरं तर द्यायचं ते पोटभर, आणि मग चार-पाच दिवस तिकडे फिरकायचं नाही. हिशेब सोपा आहे : एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन साधारण ९३ चौरस मीटर भरतं. आठवड्याला २५ मिलिमीटर धरले, तर तेवीसशे लिटर झाले. नागपूरच्या मे महिन्यात तेवढ्यावरही भागत नाही. किती मिलिमीटर पडलं हे कळायला सरळ उभ्या भिंतीचे रिकामे डबे लॉनवर जागोजागी मांडायचे, फवारा सुरू करायचा आणि डब्यात किती साचलं ते पट्टीनं मोजायचं. साहेबांना ही कल्पना फार आवडली. त्यांनी श्रीखंडाचे रिकामे डबे जमवले, डब्यांना नंबर दिले, जागांचा नकाशा काढला, वहीत रकाने आखून नोंदी घेतल्या आणि शेवटी “वितरण समाधानकारक आहे” असा शेरा मारून खाली सही केली. पाणी दिवसातून तीनदा चालूच राहिलं.

लॉनला तहान लागली की ते स्वतःच सांगतं, हेही साहेबांना मान्य नाही. गवतावरून चालत जावं आणि मागे वळून पाहावं. पाती लगेच उठून उभी राहिली तर पाणी आहे. पावलं तशीच उमटून राहिली आणि हिरव्यात राखाडी-निळसर झाक दिसायला लागली, तर पाणी द्यायची वेळ झाली. दुसरी खूण पेचकसाची. पाणी दिल्यावर लांब पेचकस मातीत दाबायचा. वीतभर सहज गेला तर पाणी खाली पोचलं. काळ्या मातीत मे महिन्यात हा प्रयोग करताना पेचकस जुना घ्यावा. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्या भेगांत पोरांचे चेंडू जातात ते दिवाळीला सापडतात. वर ओतलेलं पाणी त्या भेगांतून साहेबांच्या लॉनला वळसा घालून कुठे जातं, ते टेलच्या शेतकऱ्याला विचारावं. म्हणून लॉनवाले लाल माती आणि वाळूचा थर टाकतात, त्यात शेणखत मिसळतात. शेणखत नीट कुजलेलं नसलं तर त्यातून हुमणीच्या अळ्या फुकट येतात, आणि गाजरगवताचं बी तर येतंच. गाजरगवत हे १९५० च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नजरेस आलं. त्यामुळे एकदा आलं की जायचं नाव काढत नाही आणि आपण चुकीच्या जागी उगवलोय हे त्याला पटवता येत नाही.

इथे एक आठवलं. उन्हाळ्यात नागपूरला खरा गारवा देणारं गवत एकच, वाळा. त्याच्या मुळांच्या ताट्या कूलरला किंवा खिडकीला लावायच्या, वरून पाणी सोडायचं, की लू आत येताना सुगंधी होऊन येते. हे गवत मेलेलं असतं, दर उन्हाळ्याला इमानानं कामाला येतं आणि त्यावर कुणी “चालू नये” अशी पाटी लावत नाही. बाहेरचं जिवंत गवत त्याच टाकीतलं पाणी पितं आणि त्याच्याकडे आपण वाळ्याच्या ताटीमागून, दार बंद करून, काचेतून पाहतो.

२०१६ चा एप्रिल लॉनवाल्यांना जरा अवघड गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँक वाघिणी होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं; मैदानांची तहान कोर्टापुढे आली होती. घरच्या लॉनबद्दल कोर्ट काही बोललं नव्हतं, पण लोकांचं लक्ष असतं. त्या दिवसांत आमच्या लेआउटमध्ये पाणी रात्री दहानंतर, फाटकावरचा दिवा मालवून दिलं जाई. पहाटे दिलं तर पाती दिवसा वाळतात, रात्री दिलं तर ओलीच राहतात आणि बुरशी धरते. पण बुरशी कुंपणाच्या आत असते आणि अब्रू बाहेर. अंधारात पाच-सहा घरांपुढून पाण्याचा बारीक आवाज येई आणि सकाळी फिरायला निघालेले सगळे जण पाणीटंचाईवर कळकळीनं बोलत.

पाण्यापाठोपाठ कापणी. लॉनला एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये असा जाणत्यांचा नियम आहे, आणि उन्हाळ्यात तर जरा उंचच ठेवावं. पात्यांची सावली मुळांवर पडते, माती कमी तापते. पण जूनअखेर विम्बल्डन सुरू होतं. तिथलं गवत आठ मिलिमीटरवर कापलेलं असतं. टीव्हीवर ते पाहिलं की साहेबांना आपलं लॉन वाढलेलं वाटायला लागतं. विम्बल्डनवर २००१ पासून निव्वळ रायगवत असतं, ते थंड हवेचं गवत आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठवडाभरात त्याचं पाचट होईल, हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मी गवत बदला म्हणत नाहीये. उंची बदला म्हणतोय.” आमच्या लेआउटभर मशीन फिरवणाऱ्या माळीदादांनी डोक्याला हात लावला. “साहेब, इतकं खाली घेतलं तर माती दिसते ना जी. मग मले नका सांगू.” साहेबांनी आज्ञा दिली, मशीन फिरलं, आणि लॉन मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखं दिसू लागलं. फक्त मधे शेंडीएवढा एक तुरा राहिला, कारण तिथे नळाची तोटी होती.

आमच्याकडे या बाबतीत आईचं राज्य आहे. श्रावण लागला की ती माळीदादांचं मशीन फाटकाच्या आत येऊ देत नाही. नागपंचमीला काही कापायचं-खणायचं नसतं हे झालं एका दिवसापुरतं. पण गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते आणि दूर्वा शेंड्यासकट, कोवळी, तीन पात्यांची हवी. मशीन फिरलेल्या लॉनमध्ये प्रत्येक पात्याचा शेंडा छाटलेला असतो. आईनं एकदा साहेबांच्या लॉनवरून एक काडी खुडली, डोळ्यांजवळ धरली, चष्मा वर करून पाहिली आणि परत टाकून दिली. “इतकं मोठं अंगण हिरवं केलं यांनी, आणि देवाच्या कामाची एक काडी नाही.” चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांची सून पिशवी घेऊन आमच्या फाटकाशी येते. आई तिला दूर्वा देते, आणि बरोबर लॉन कसं राखावं याबद्दल चार शब्दही देते.

खताबद्दल थोडक्यात. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि ते मुठीनं फेकणाऱ्या माणसाला टक्क्यांशी देणंघेणं नसतं. कोरड्या लॉनवर भर उन्हात युरिया पडला आणि वर लगेच पाणी मिळालं नाही, तर गवत जळतं. मुठीतून जिथे जास्त पडला तिथे जास्त. आता गंमत अशी, की गल्लीतली कुत्री लॉनवर पाय वर करून जातात, तिथे मधे एक जळका ठिपका आणि भोवती गर्द हिरवं कडं पडतं. कारण तेच, नत्र. मधे जास्त झालं, कडेला बेतात पडलं. साहेब ज्या कुत्र्यामागे काठी घेऊन धावतात, त्याचं खताचं प्रमाण निदान कडेला तरी बरोबर असतं.

हिरवळीचे खरे हाल पाहायचे तर शहराबाहेरच्या लग्नाच्या लॉनवर जावं. काटोल रोड, वर्धा रोड, जिकडे जाल तिकडे कमानी आहेत. लग्नं एप्रिल-मेमध्ये असतात. दुपारभर टँकरनं पाणी मारून जमीन गार करतात, मग त्या चिखलावर मांडवाचे खांब रोवतात, आणि चपलांना माती लागू नये म्हणून संपूर्ण हिरवळीवर हिरव्या रंगाची चटई अंथरतात. वधूपक्षानं पैसे लॉनचे भरलेले असतात. लॉन खाली असतं. रात्री नऊ वाजताही हवा तापलेलीच, जाकिटातले वरबाप घामानं निथळतायत, चटईवर मठ्ठा सांडतोय, खुर्च्यांचे पाय आणि टाचांचे बूट चटईतून आरपार जाऊन खालच्या हरळीला शोधतायत. आणि एवढं सगळं सोसून दोन मुहूर्तांच्या मधे जे चार-पाच मोकळे दिवस मिळतात, तेवढ्यात ती परत डोकं वर काढते. तिथे तिची काळजी घेणारं कुणी नसतं, हे तिचं नशीब.

माझा एक भाचा ॲरिझोनातल्या फीनिक्सला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ अंशांच्या पुढे गेला आणि जगभर बातम्या झाल्या. भाच्यानं काळजीच्या सुरात हे फोनवर सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, मग उन्हाळा कधी लागतो तिथं?” त्याच्या दारापुढेही उन्हाळ्यात हरळीच असते. थंडीत ती पिवळी पडते, ते तिथल्या लोकांना बघवत नाही. म्हणून शरदात तिला जमिनीलगत भादरून वर रायगवताचं बी पेरतात. एकाच जागेवर दोन बिऱ्हाडं, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. शेजारच्या नेवाडा राज्यानं मात्र हात टेकले. २०२१ साली त्यांनी कायदा केला : लास वेगास भागात घरांपुढचं सोडून बाकी ठिकाणी जे गवत निव्वळ शोभेचं आहे, त्याला २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचं पाणी नाही. आणि ज्यांना आपलं लॉन काढून टाकायचंय, त्यांना तिथलं पाणी खातं चौरस फुटामागे रोख पैसे देतं. गवत उपटायचे पैसे मिळतात हे मी गावाकडच्या एका नातेवाइकाला सांगितलं. त्यानं आधी व्हिसाची चौकशी केली.

मालकाबद्दलचं माझं मत पक्कं झालं ते साहेब मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेले त्या उन्हाळ्यात. जाताना त्यांनी माळीदादांना दोन पानी सूचना लिहून दिल्या, त्यातली कलमं उपकलमांसकट होती. साहेबांची रिक्षा वळणावरून गेली आणि माळीदादा लग्नसराईला गावी गेले. लॉनला पाणी देणारं, कापणारं, खत फेकणारं कुणी उरलं नाही. ते आधी फिकं झालं, मग तपकिरी, मग पायाखाली कुरकुर वाजायला लागलं. येणारे-जाणारे हळहळले. जूनमध्ये मृग बरसला. आठवड्याभरात त्या तपकिरी चटईतून पोपटी टोकं वर आली आणि पंधरवड्यात लॉन असं काही दाटलं, की तसं ते साहेबांच्या हयातीत कधी झालं नव्हतं. म्हणजे साहेबांच्या लॉनवरच्या हयातीत. साहेब देवाच्या दयेनं ठणठणीत आहेत.

साहेब परतले, फाटकातच थांबले, खाली वाकून पात्यांवरून हात फिरवला. म्हणाले, “निघायच्या आधी ते परदेशी टॉनिक फवारलं होतं ना, त्याचा गुण हा. महाग आहे, पण काम करतं.” माळीदादांनी मान डोलावली. “हो ना जी. मी पण रोज ध्यान देऊन होतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाइप सुरू झाला.

कोपऱ्यावरच्या चार्टर्ड अकाउंटंटांनी मात्र या सगळ्याचा ताळेबंद मांडला आणि प्लॅस्टिकचं लॉन आणलं. गुंडाळी उलगडली, कडा चिकटवल्या, संपलं. पाणी नाही, कापणं नाही, युरिया नाही, कुत्र्यांनी काही केलं तरी कडं पडत नाही. सगळ्या गल्लीनं येऊन हात लावून पाहिला आणि वाखाणलं. हे फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये कळलं, की प्लॅस्टिकला घाम येत नाही. खऱ्या गवताच्या पानांतून पाणी उडतं, म्हणून ते तापूनतापून किती तापेल याला मर्यादा असते. प्लॅस्टिक कडक उन्हात साठ-सत्तर अंशांवर सहज जातं. नातू अनवाणी गेला आणि बोंबलत परत आला. तेव्हापासून हिशेबनीसही रोज संध्याकाळी बनियनवर बाहेर येतात, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतात आणि प्लॅस्टिकच्या हिरवळीला पाणी देतात. साहेब कुंपणावरून सल्ला देतात, “दिवसातून तीनदा द्या.”

यंदा त्या पाण्यानं एक झालं. दोन गुंडाळ्या जिथे जोडल्यात, त्या शिवणीतून एक बारीक पोपटी रेघ वर आली. हिशेबनीसांनी आधी ती प्लॅस्टिकचीच समजली. बोटानं ओढून पाहिली तर मागे वीतभर काशी आली आणि तुटली. त्यांनी माळीदादांना बोलावलं आणि सरळ भाव विचारला, उपटायचे किती.

माळीदादा उकिडवे बसले, शिवण जरा उचलून आत डोकावले आणि उठून हात झटकले.

“उपटाचे पाचशे लागन साहेब. ठेवाची असन तर महिन्याचे सातशे.”

“ठेवायचे पैसे कसले?”

“ठेवली तर ते कापा लागते ना जी.”